पाटलाची वर्दी

दिंडोरीला रेल्वे आली नाही. १८६० च्या दशकात जी.आय.पी.चा लोहमार्ग थळघाट चढून वर आला, नाशिकला गावाबाहेरून शिवला आणि मनमाडकडे निघून गेला. उत्तरेकडचा दिंडोरी तालुका आपल्या बैलगाडीच्या वाटेवरच राहिला. ती वाट मात्र फार जुनी आहे. नाशिकहून दिंडोरी, पुढे वणी, मग सापुताऱ्याचा घाट उतरून सुरत. १६७० च्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांना दाऊदखानाने याच पट्ट्यात गाठले आणि वणी-दिंडोरीची लढाई झाली. लढाईचे नाव शाळेच्या पुस्तकात राहिले. पण त्याच वाटेने शतकानुशतके धान्य आले, कापड आले, सप्तशृंगीच्या यात्रेचे पायी चालणारे लोक आले, आणि त्यांच्याबरोबर पटकी, देवी, पुढे गाठीचा ताप.

साथ पायांनी चालत होती तोवर तिच्या आधी बातमी पोचवणे तसे अवघड नव्हते. तरीही ती क्वचितच आधी पोचली. असे का झाले, हे पाहायचे तर तालुक्याच्या मामलेदार कचेरीपासून सुरुवात करावी लागते.

१८५७ नंतर इंग्रजांना हिंदुस्थानातल्या आपल्या फौजेच्या तब्येतीची काळजी लागली. लढाईत मरतात त्याहून कितीतरी जास्त सोजीर रोगाने मरतात, हे आकड्यांनी सिद्ध झाले होते. १८५९ साली नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ मध्ये अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी मुंबई, मद्रास व बंगाल या तिन्ही इलाख्यांत आरोग्य आयोग बसले. छावणीतला सोजीर निरोगी ठेवायचा तर शेजारच्या बाजारात काय चालले आहे ते कळले पाहिजे, आणि बाजाराचे कळायचे तर गावांचे कळले पाहिजे. गावांची ही काळजी अशी छावणीच्या दाराने आत आली. यातूनच गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी सरकारी कामाचा भाग झाल्या.

नोंदीची साखळी अशी होती. गावात मृत्यू झाला की खबर पाटलाकडे जायची. कुलकर्णी ती वहीत उतरवायचा. वहीवरून तक्ता तालुक्याला, तिथून कलेक्टरकडे आणि शेवटी इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरकडे. मृत्यूच्या कारणांचे रकाने ठरलेले होते: पटकी, देवी, ताप, हगवण-अतिसार, अपघात-इजा आणि 'इतर'. पटकी आणि देवी कुणालाही ओळखता येत. एका रात्रीत उलट्या-जुलाबांनी माणूस सुकून गेला की पटकी. अंगभर फोड आले की देवी. बाकी जे काही अंग तापवून माणसाला नेई ते सगळे 'ताप' या एका रकान्यात. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, क्षयाची अखेर, बाळंतिणीचा ताप, सगळे त्याच पोत्यात. पाटील वैद्य नव्हता, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

या साखळीचे पहिले टोक कुलकर्ण्याच्या लेखणीत नव्हते. मेल्याची खबर गावोगाव पोचवणे, सरकारी टपाल आणि निरोप पुढच्या गावाला नेणे ही कामे महार वतनदाराकडे होती. भर पावसात, रात्री-अपरात्री, नदीला पूर असला तरी. मोबदला म्हणून थोडी वतनी जमीन आणि दारोदार मागून आणायचे बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. कनिष्ठ वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात सर्जन-जनरलांची नावे सापडतात, या निरोप्यांची सापडत नाहीत. पण इलाख्याच्या अहवालात छापलेला प्रत्येक आकडा आधी कुणाच्या तरी अनवाणी पायांनी गावकुसापर्यंत आलेला होता.

सरकारी साखळीला समांतर अशी गावाची स्वतःची एक यंत्रणा होती. पटकी लागली की मरीआईचा गाडा काढायचा, नैवेद्य दाखवायचा आणि वाजतगाजत गावाच्या शिवेपार नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेवरून आणखी पुढे ढकलायचा. रोग दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचा हा प्रकार म्हणून आज आपण नाक मुरडतो. पण शिवेवर गाडा येऊन उभा राहिला याचा अर्थ अलीकडच्या गावात पटकी आहे, हे लहान पोरालाही कळे. मामलेदाराच्या तक्त्यापेक्षा ही बातमी बहुधा लवकर पोचत असावी, असे मला वाटते. सरकारी तक्ता मेलेल्यांचा हिशेब ठेवत होता. गाडा पुढच्याला सावध करत होता.

ही व्यवस्था कसोटीला लागली ती १८९६ साली.

हाँगकाँगमध्ये १८९४ साली प्लेग उद्‌भवला, तिथेच त्याचा जंतू सापडला, आणि व्यापारी जहाजांतून रोग मुंबईला आला. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात रुग्ण पाहणाऱ्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप म्हणजे ब्युबॉनिक प्लेग आहे असे जाहीर निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. वखारींत उंदीर मरून पडत होते. त्याचा रोगाशी नेमका काय संबंध, हे त्या वेळी शास्त्रालाही ठाऊक नव्हते.

म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी ६ ऑक्टोबरला हुकूम काढला: रोग्याला घरातून सक्तीने हलवा, घर धुऊन काढा. तीन आठवड्यांत, २९ ऑक्टोबरला, हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. सफाई कामगार शहर सोडून जातील की काय, या धास्तीने सक्ती सैल करावी लागली. आणि दरम्यान शहर रिकामे होऊ लागले. आठ लाखांहून थोडी जास्त वस्ती. त्यातले निम्म्याच्या आसपास लोक पुढच्या चार-पाच महिन्यांत गाडी मिळेल तिकडे निघाले. कोकण, सातारा, पुणे, नाशिक. मुंबईत राबणारा माणूस शेवटी गावचाच होता. संकट आले की गाव गाठायचे ही त्याची रीत. साथ पायाने चालायची ते दिवस त्या हिवाळ्यात संपले. संध्याकाळी बोरीबंदरला गाडीत बसलेला माणूस सकाळी नाशिक रोडला उतरत होता, आणि काखेतली गाठ त्याला अजून जाणवलेलीही नसे. पाटलाच्या वहीत मृत्यू चढेपर्यंत, तक्ता तालुक्याला जाईपर्यंत रोग चार गावे पुढे.

सरकारला हे उमगले, पण त्याने उत्तर शोधले ते पोलिसी. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा मंजूर झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा. त्याने सरकारला प्रवाशांना अडवण्याचे, तपासण्याचे, वेगळे ठेवण्याचे अमर्याद अधिकार दिले, आणि कायद्याखाली कारवाई करणाऱ्यावर दावा चालणार नाही अशी तजवीजही केली. मुंबईहून सुटलेल्या गाड्या कल्याणला थांबवून उतारूंना फलाटावर रांगेत उभे करत. डॉक्टर जांघेत, काखेत, गळ्याशी हात घालून गाठी चाचपत. बायकांचीही तीच गत, आणि तीही चारचौघांत. गाठ सापडली किंवा नुसता ताप दिसला तरी माणूस छावणीत.

पुण्यात याचा कळस झाला. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग कमिटीने १३ मार्च १८९७ पासून गोऱ्या सोजिरांकडून घरझडती सुरू केली. देवघरे, माजघरे, बाळंतिणीच्या खोल्या, काहीच सुटले नाही. रोगी सापडला की रुग्णालयात. घरचे सगळे विलगीकरण छावणीत. सामान अंगणात आणून जाळायचे. त्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुलगा डॉ. यशवंत याने पुण्याजवळ माळावर काढलेल्या दवाखान्यात त्या रोग्यांना आणून सोडत होत्या, आणि आजारी पोराला स्वतः उचलून आणताना त्यांना लागण झाली. एकाच शहरात, एकाच महिन्यात, रोगी शोधण्याच्या या दोन पद्धती. एकीत माणसे रोग्याला घेऊन जाणाऱ्यांच्या हवाली होत होती, दुसरीत ती आपल्या माणसाकडे येत होती. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, तिथपासून पुढची गोष्ट राजकीय इतिहासात सविस्तर आहे.

आरोग्याच्या इतिहासाला इथे एक निराळी गोष्ट टिपायची आहे. लोक लपवू लागले. ही लबाडी नव्हती, साधा हिशेब होता. वर्दी दिली तर रोगी तर जाणारच, शिवाय घर उघडे पडणार, बायकामुले छावणीत, अंथरूण-पांघरूण जळणार. वर्दी न दिली तर रोगी घरच्यांच्या हातून पाणी पिऊन तरी मरेल. रोगी माळ्यावर, कपाटात, शेजाऱ्याच्या परसात लपवले जात. प्रेते रात्री गुपचूप पुरली जात. मुंबईच्या मृत्युनोंदीत प्लेगच्या रकान्यापेक्षा ताप आणि छातीचे विकार हे रकाने अचानक फुगले. एकूण मृत्यू इतके वाढले होते की नोंदलेल्या प्लेगने ती वाढ भरून निघत नव्हती. म्हणजे सरकारने नजर जितकी कडक केली तितके त्याला कमी दिसू लागले. साथीच्या इतिहासातला इतका स्वच्छ धडा क्वचितच मिळतो, आणि तो तितक्याच नियमाने विसरला जातो.

नाशिक जिल्हा या सगळ्यापासून दूर राहिला नाही. जानेवारी १८९८ मध्ये सिन्नरला प्लेगच्या उपायांविरुद्ध दंगल उसळली. दोनच महिन्यांनी, ९ मार्चला, मुंबईत मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला नेण्यावरून हिंसाचार पेटला. १८९९ साली नाशिकजवळच्या भगूरला प्लेग पोचला आणि त्यात विनायक दामोदर सावरकरांचे वडील व काका गेले, भाऊ आजारी पडून वाचले. सावरकरांचे नाव मोठे म्हणून हे घर आपल्याला माहीत आहे. तशी घरे त्या वर्षांत गावोगाव होती. ज्यांच्या घरातून पुढे कुणी प्रसिद्ध झाले नाही त्यांचा उल्लेख फक्त वहीच्या रकान्यात.

गावाकडे लोकांनी मात्र प्लेगवर आपला एक अडाखा बांधला, आणि तो सोजिरांच्या झडतीपेक्षा खरा ठरला. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे. आढ्यावरून, धान्याच्या कणगीमागून मेलेले उंदीर निघाले की वडीलधारी माणसे कुणाची वाट पाहत नसत. गाव मोकळे व्हायचे, माळावर किंवा मळ्यात कुडाच्या झोपड्या उभ्या राहायच्या, आणि थंडी सरून उन्हाळा तापेपर्यंत सगळे तिथेच. शाळा, देव, चुली, सगळे झोपड्यांत. प्लेगच्या झोपड्यांच्या आठवणी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दोन-तीन पिढ्या सांगितल्या गेल्या. उंदरांवर ठेवलेली ही पाळत होती, आणि माणूस आजारी पडायच्या आधी इशारा देत होती. पाटलाच्या वहीला हे कधी जमले नव्हते.

शास्त्र त्याच ठिकाणी थोडे उशिरा पोचले. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने पिसवेवर बोट ठेवले. त्याचे फारसे कुणी ऐकले नाही. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत आणि मुंबईच्या चाळींत प्रयोग करून ते पक्के केले: आधी उंदीर, मग उंदरावरची पिसू, मग माणूस. ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्यावर गोळा झालेल्या पिसवा मोजल्या. शहरभरातून मेलेले आणि पकडलेले उंदीर रोज परळला येऊ लागले; वर्षभरात लाखाच्या वर उंदीर फाडून तपासले गेले. कुठल्या वॉर्डातले उंदीर मरताहेत हे कळले की पुढची माणसे कुठे मरणार हे सांगता येऊ लागले. हीच ती परळची प्रयोगशाळा, जिचे नाव १९२५ साली लस बनवणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्यावरून हाफकिन इन्स्टिट्यूट झाले. सरकारचा सूरही तोवर बदलला होता. सोजीर मागे घेतले गेले. टोचणी ऐच्छिक झाली. गाव मोकळे करायला मदत होऊ लागली. म्हणजे लोक जे करत होते त्याच्याच मागे सरकार जाऊन उभे राहिले.

जुनी वही पुन्हा एकदा उघडी पडली १९१८ साली. त्या वर्षीचा इन्फ्लुएन्झा उन्हाळ्यात मुंबई बंदरातून शिरला आणि पावसाळा सरताना इलाखाभर पसरला. या रोगासाठी वहीत रकानाच नव्हता. सगळे मृत्यू 'ताप' या रकान्यात गेले, आणि किती माणसे गेली हे नंतर मागच्या वर्षांच्या सरासरीशी वजाबाकी करून काढावे लागले. हिंदुस्थानभरचा अंदाज कोटीच्या वर जातो. गावात घरोघर माणसे पडली असताना तक्ता लिहिणाराही पडलेला होता.

स्वातंत्र्यानंतर पाटील-कुलकर्णी वतने गेली. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आला आणि वही ग्रामसेवकाकडे गेली. पण खरा बदल वहीत झाला नाही, तो दारावर झाला. १९५८ साली मलेरिया निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि तिच्याबरोबर एक नवी व्यक्ती गावात दिसू लागली: दर पंधरवड्याला घरोघर फिरणारा मलेरिया वर्कर. 'कुणाला ताप आहे का?' एवढाच प्रश्न. असेल तर बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब, चार गोळ्या, आणि भिंतीवरच्या छापाच्या चौकटीत तारीख टाकून पुढचे घर. दिंडोरीच्या पश्चिमेकडे, पेठ-सुरगाण्याला लागून असलेल्या आदिवासी पाड्यांवर सरकारी नोकरांपैकी नियमाने येणारा माणूस म्हणजे बहुधा हाच. मेलेल्याची वर्दी घ्यायची व्यवस्था आता आजारी माणसाला शोधत दारात आली होती. देशात १९६५ साली मलेरियाचे रुग्ण लाखभरावर उतरले. मग हात ढिला पडला, फवारणी आणि फेऱ्या आटल्या, डासही औषधाला सरावले, आणि १९७६ साली आकडा चौसष्ट लाखांवर गेला. पाळत यशस्वी झाली की तिच्यावरचा खर्च फुकट वाटू लागतो. पुढेही हे दिसेल.

देवीच्या निर्मूलनात आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची आहे. १९७३ ते १९७५ या काळात आरोग्य कर्मचारी देवी आलेल्या पोराचे चित्र छापलेले कार्ड घेऊन गावोगाव, बाजारात, शाळेत फिरले: असा रोगी कुठे पाहिला का? आणि खरी बातमी देणाऱ्याला बक्षीस. आधी पन्नास रुपये, मग शंभर, आणि रोगी सापडेनासे झाले तेव्हा हजार. १८९७ साली वर्दी देणाऱ्याचे घर जळत होते. १९७५ साली वर्दी देणाऱ्याला महिन्याच्या पगाराएवढे पैसे मिळत होते. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला, आणि २३ एप्रिल १९७७ ला भारत देवीमुक्त जाहीर झाला. बक्षिसाने देवी गेली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. लस होती, सुई होती, हजारो माणसांची पायपीट होती. पण लस कुठे टोचायची ते कळले, ते सांगणारा सांगायला तयार झाला म्हणून.

मग आला १९९४ चा सप्टेंबर.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. बीड जिल्ह्यातले मामला हे गाव केंद्रापासून लांब होते, पण भीती तिथेही पोचली. लोक घरे सोडून बाहेर राहू लागले. सुगीचे धान्य मात्र बंद घरांतच साठले. पुढे तपास करणाऱ्यांनी कारणांची साखळी अशी मांडली: माणसे बाहेर, धान्य आत, आजूबाजूच्या रानात प्लेगचा जंतू बाळगणारे रानउंदीर, आणि बंद घरांत बेसुमार वाढलेले घरउंदीर. १९९४ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला मामल्यात उंदीर पडू लागले. पिसवांनी लोक हैराण झाले. गावकऱ्यांनी तक्रार केली. म्हणजे पणज्यांचा अडाखा अजून कुठेतरी जिवंत होता. औषध फवारणीही झाली. पण उंदीर पडताहेत याचा अर्थ काय, हे वाचणारी नजर सरकारी यंत्रणेत उरलेली नव्हती. १९६६ नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची पक्की नोंद नव्हती. जवळपास तीस वर्षे न दिसलेल्या रोगासाठी पदे, प्रयोगशाळा आणि गाड्या राखून ठेवा असे कोणत्या अंदाजपत्रकात पटवून देता येते? ऑगस्टअखेर मामल्यात जांघेत गाठ आलेले रुग्ण दिसले. प्लेग हे नाव जाहीर व्हायला सप्टेंबरचा मध्य उजाडला.

आठवड्याभरात सुरत. २१ सप्टेंबरपासून तिथे फुप्फुसाच्या प्लेगची लक्षणे असलेले रुग्ण मरू लागले. सुरतेच्या यंत्रमागांवर आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्यांत खानदेशातले मराठी मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांच्या वस्त्याही दाटीच्या. बातमी फुटली आणि लाखो माणसे चार दिवसांत शहराबाहेर पडली. मुंबईच्या १८९६ ची हुबेहूब आवृत्ती, फक्त वेग वाढलेला. ताप्ती लाइनने नंदुरबार-जळगाव, बसने आणि ट्रकने मिळेल त्या रस्त्याने. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले. खासगी डॉक्टरांपैकी कित्येक पळालेल्यांत होते. आखाती देशांनी विमाने थांबवली, भारतातून गेलेल्या मालाकडे आणि माणसांकडे जग संशयाने पाहू लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांना स्वतः यावे लागले. संशयित रुग्ण पाच हजारांच्या वर. रक्ततपासणीत प्लेगच्या खुणा आढळलेले ८७६. मृत्यू पन्नासच्या वर, जवळपास सगळे सुरतेतले. सुरतेत होता तो प्लेगच का, यावर तज्ज्ञ पुढे बराच काळ भांडले. सामान्य वाचकाला महत्त्वाचे ते हे, की देश तेव्हा ठामपणे हो किंवा नाही म्हणू शकत नव्हता. खात्री करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या आणि लांब होत्या, आणि तोवर अफवा घरोघर पोचली होती.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या समितीने चौकशी केली. सुरतेत पुढच्या वर्षी आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी शहर धुऊन काढले, तो किस्सा लोकप्रशासनाच्या वर्गात आजही सांगतात. कमी बोलले जाते ते दुसऱ्या परिणामाबद्दल. १९९७-९८ मध्ये साथरोगांच्या पाळतीचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

दिंडोरीच्या एखाद्या उपकेंद्रात हा कार्यक्रम कसा चालतो ते पाहिले की जुन्या वहीपासूनचे अंतर कळते. आधी नोंदी आठवड्याच्या हिशेबाने जात: आठवडा सोमवारी सुरू होई, रविवारी संपे. उपकेंद्राची सिस्टर लक्षणांवरून नोंद करते: ताप, पुरळासह ताप, तीन आठवड्यांवर खोकला, पाण्यासारखे जुलाब, कावीळ. हा 'एस' फॉर्म. प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा डॉक्टर आपला अंदाज लिहितो, तो 'पी'. प्रयोगशाळेने पक्के केलेले 'एल'. नाशिकला जिल्हा पथक आकडे जुळवते आणि एखाद्या पाड्यावर जुलाबाचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त दिसले तर फोन वाजतो. २०२१ च्या एप्रिलपासून हे सगळे संगणकावर, रोजच्या रोज आणि एकेका रुग्णाच्या नोंदीने जाऊ लागले. त्याशिवाय पाण्याची स्वतंत्र पाळत आहे. विहिरीत टीसीएल पावडर टाकली का, नळाच्या पाण्यात क्लोरिन उतरले का याची ओटी टेस्ट, आणि स्रोत धोक्याचा असेल तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड. लाल कार्ड मिळाले की सरपंचाला ग्रामसभेत उत्तरे द्यावी लागतात. त्या भीतीने जितकी पावडर विहिरीत पडली तितकी परिपत्रकांनी पडली नसेल.

पण या तक्त्यांनाही एक भोक आहे आणि ते मोठे आहे. तापाचा माणूस पहिल्या दिवशी आरोग्य केंद्रात जात नाही. तो गावातल्या, नाहीतर वणीच्या, दिंडोरीच्या बाजारातल्या खासगी डॉक्टरकडे जातो, सुई टोचून घेतो आणि द्राक्षाच्या छाटणीला परत जातो. बागेत बाहेरून आलेला मजूर तर कुठल्याच गावच्या यादीत नसतो. खासगी दवाखान्याची नोंद सरकारी फॉर्मात चढली तर चढली. म्हणजे १८९६ साली ज्या माणसामागून रोग आला, हंगामापुरता येणारा-जाणारा कष्टकरी, तोच आजही तक्त्याला सर्वांत कमी दिसतो.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी जो कायदा लागू केला तो १८९७ चाच होता. महिनाअखेर नाशिक जिल्ह्यातला पहिला रुग्ण शेजारच्या निफाड तालुक्यात सापडला आणि एप्रिलमध्ये मालेगावात साथ भडकली. घरावर फलक, दारावर पोलीस, हातावर शिक्का. लोकांनी पुन्हा ताप लपवला, तपासणी टाळली, औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेतल्या. घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरणाऱ्या आशाताईंना काही ठिकाणी दारातून परत पाठवले गेले, आणि बहुतेक ठिकाणी त्यांनाच खरे सांगितले गेले, कारण त्या गावच्याच होत्या, गेल्या वर्षी याच घरातल्या बाळंतिणीला दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या या बाईवर राज्याची सगळी पाळत उभी आहे. वतनावरच्या निरोप्याची आठवण इथे टाळता येत नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत सरकारने अलीकडे धाक आणि बक्षीस या दोन्ही वाटा एकाच वेळी धरल्या आहेत. २०१२ साली क्षयरुग्णाची नोंद कळवणे खासगी डॉक्टरांना बंधनकारक झाले. आकडे हवे तसे वाढले नाहीत. मग २०१८ च्या मार्चमध्ये न कळवणाऱ्याला तुरुंगाची तरतूद असलेली अधिसूचना निघाली, आणि पुढच्याच महिन्यात नोंद झालेल्या रुग्णाच्या खात्यावर पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये जमा होऊ लागले. पुढे ते हजार झाले.